सशाच्या रंगांचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

करड्या सशांच्या जोडीला एखाद्या वेतात लाल डोळ्यांचे पांढरेशुभ्र पिल्लू झाले, की पाळणारा बुचकळ्यात पडतो. नराविषयी शंका घेतली जाते, वाणात भेसळ झाल्याचे बोलले जाते. वास्तविक दोष कोणाचाच नसतो. पांढरेपणाचा घटक आई-बाप दोघांतही दडलेला असतो. तो दोघांकडूनही मिळालेले पिल्लू पांढरे निपजते. अशा जोडीला सरासरी चारांत एक. प्राण्यांच्या रंगांच्या या लपंडावामागचे गणित उलगडणाऱ्यांत जे. बी. एस. हाल्डेन हे नाव अग्रगण्य आहे. त्यांनी आयुष्याची अखेरची वर्षे भारतात व्यतीत केली.

हाल्डेन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८९२ रोजी ऑक्सफर्ड येथे झाला. वडील नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञ होते. १९०१ मध्ये वडिलांसोबत ऐकलेल्या एका व्याख्यानातून मेंडेलच्या नियमांशी या बालकाचा परिचय झाला. पुढे धाकटी बहीण नेओमी हिने गिनीपिग पाळले आणि घराचे अंगणच भावंडांची प्रयोगशाळा बनले. कोणत्या जोडीला कोणत्या रंगाची पिल्ले झाली, याची नोंद ठेवली जाऊ लागली.

महाविद्यालयात हाल्डेन यांनी गणित आणि ग्रीक-लॅटिन वाङ्मयाचा अभ्यास केला. विज्ञानाची पदवी त्यांनी कधीच घेतली नाही. तथापि इतरांनी प्रसिद्ध केलेले उंदरांच्या संकरांचे आकडे तपासताना त्यांना एक वेगळीच गोष्ट जाणवली. मेंडेलच्या हिशेबाने दोन गुणांची वाटणी एकमेकांपासून स्वतंत्र व्हावयास हवी होती; पण अंगाचा पांढरेपणा आणि डोळ्यांचा गुलाबी रंग यांचे घटक बरोबरीनेच पुढील पिढीत उतरत होते. खात्री करण्यासाठी हाल्डेन, नेओमी आणि मित्र ए. डी. स्प्रंट यांनी स्वतः उंदरांची पैदास सुरू केली.

इतक्यात पहिले महायुद्ध पेटले. हाल्डेन ब्लॅक वॉच पलटणीत अधिकारी म्हणून फ्रान्सच्या आघाडीवर गेले. स्प्रंट युद्धात मारला गेला. अपुरे राहिलेले प्रयोग तसेच प्रसिद्ध करणे हाच मार्ग उरला. १९१५ मध्ये तिघांच्या नावे तो निबंध छापून आला. एकाच गुणसूत्रावर जवळजवळ असलेली जनुके एकत्र प्रवास करतात, याचा सस्तन प्राण्यांमधील हा पहिला पुरावा ठरला.

१९२७ मध्ये हाल्डेन यांनी ससा, उंदीर, गिनीपिग, मांजर आदी प्राण्यांच्या रंगांची तुलना केली. निरनिराळ्या जातींत सारखे रंगभेद दिसतात, त्यांमागे समान पूर्वजांकडून आलेली तीच जनुके असावीत, असे त्यांनी मांडले. आधुनिक संशोधनाने हे अनेक बाबतींत खरे ठरवले आहे. ससा व उंदीर या दोघांतही वर्णहीनता टायरोसिनेज या विकराच्या जनुकातील बिघाडाने येते. याच जनुकाच्या दुसऱ्या रूपामुळे हिमालयन सशाचे अंग पांढरे, तर थंड राहणारे कान, नाक आणि पाय काळे होतात.

१९५७ मध्ये हाल्डेन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत दाखल झाले. १९६१ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले आणि पुढील वर्षी ते भुवनेश्वरला गेले. महागडी उपकरणे नसली, तरी डोळसपणे पाहून आणि मोजून अव्वल दर्जाचे संशोधन करता येते, हा विश्वास त्यांनी येथील तरुणांना दिला. अंगणात पिल्लांचे रंग मोजत ते स्वतः हेच शिकले होते.

१ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वर येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचा देह काकीनाडा येथील वैद्यकीय महाविद्यालयाला अभ्यासासाठी देण्यात आला.