काचा सांभाळणारा राजा

आमच्या घरी देवघरावरच्या भिंतीला दत्ताची एक तसबीर होती. तिची काच कुठून आली, हे मला बऱ्याच उशिरा कळले. गावातल्या फोटोग्राफरने धंदा आवरताना जुन्या काचेच्या निगेटिव्ह सोड्याच्या गरम पाण्यात भिजवून खरवडल्या आणि स्वच्छ झालेल्या काचा फ्रेमवाल्याला विकून टाकल्या. त्यातली एक आमच्या दत्तावर चढली. माझे थोरले काका सातव्या वर्षी गेले. त्यांचा एकुलता एक फोटो वाळवीने खाल्ला, तेव्हा आजीने माझ्या वडिलांना दुसरी प्रत काढून आणायला त्याच फोटोग्राफरकडे धाडले होते. वडील रिकाम्या हाताने परत आले. मी त्या माणसाला दोष देत नाही; काचेला किंमत होती, चेहऱ्यांना गिऱ्हाईक नव्हते. आजीने मात्र ती तसबीर पुढे कधी बदलू दिली नाही.

दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये एकाच जुन्या स्टुडिओच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह मिळवल्या, हे वाचले तेव्हा म्हणूनच मला त्या छायाचित्रकाराच्या कलेआधी त्याच्या सांभाळण्याचे कौतुक वाटले. तो छायाचित्रकार म्हणजे राजा दीनदयाळ.

दीनदयाळ जन्माने राजे नव्हते. मेरठजवळच्या सरधना गावी, बेगम समरूच्या त्या गावात, १८४४ मध्ये एका जैन जवाहिऱ्याच्या घरी ते जन्मले. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात स्थापत्य शिकले आणि १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. काम आराखडे काढण्याचे आणि खर्चाचे अंदाज बांधण्याचे. असा रुक्ष कारकुनी माणूस कलावंत कसा झाला, याचे काहींना नवल वाटते. मला वाटत नाही. रेषा सरळ आहे की नाही, उजेड कुठून येतो, भिंत किती उंच, हे पाहण्याची सवय त्या टेबलापाशीच लागली असणार.

कॅमेरा त्यांनी हातात घेतला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीला आल्यावर. इंदूर होळकरांचे. तुकोजीराव होळकर (दुसरे) यांनी या हौशी नोकरदाराला उत्तेजन दिले. मध्य भारतातले इंग्रज सरकारचे एजंट सर हेन्री डेली यांचाही पाठिंबा मिळाला. १८७५-७६ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले, तेव्हा त्यांची छायाचित्रे घेण्याची संधी दीनदयाळांना लाभली.

ते काम सोपे नव्हते. आज खिशातला फोन काढून आपण नातवाचे दहा फोटो घेतो आणि नऊ पुसून टाकतो. त्या काळी काचेवर कलोडियनचा चिकट थर ओतायचा, अंधारात ती चांदीच्या क्षारात बुडवायची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवून फोटो घ्यायचा. वाळण्याच्या आत परत अंधारात नेऊन ती धुवायची. इंदूरच्या उन्हात हा सगळा खेळ काही मिनिटांचा. बाहेरगावी जायचे तर तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या आणि पाणी बरोबर न्यायचे. पुढे कोरड्या प्लेटा आल्या आणि जीव थोडा हलका झाला. कागदावर प्रत उतरवायची ती अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर. कर्मठ घरात नुसत्या त्या वासानेच पंचाईत झाली असती!

१८८२ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर ते बुंदेलखंडात हिंडले. ग्वाल्हेरचा किल्ला आणि सांचीचा स्तूप यांसारख्या वास्तूंची त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये ग्रंथरूपाने निघाली. त्याच सुमारास त्यांनी मोठी रजा काढली आणि पुढे नोकरीच सोडली. पक्की सरकारी नोकरी आणि पदरी मुले असताना! आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरात असा विचार कुणी बोलून दाखवला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

हैदराबादचे सहावे निजाम मेहबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले. सिकंदराबादेत स्टुडिओ निघाला आणि पन्नासाच्या वर माणसे तिथे राबू लागली. राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब निजामाने दिला. चितारी तो मुसव्विर आणि जंग म्हणजे लढाई. फोटोग्राफरला लढवय्याचा मान मिळाला तो असा.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते १८९२ चे पाऊल. त्या वर्षी दीनदयाळांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी स्टुडिओ काढला. भोवती उंच भिंती, आत पुरुषाला मज्जाव. कॅमेऱ्यामागे होत्या मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई. पडद्यातल्या बेगमेला परक्या पुरुषासमोर बसावे लागू नये, ही सोय. धंद्याचे डोके त्यात होतेच, नाही कशाला म्हणा? पण नवरा, मुलगा, जावई यांच्या तसबिरी दिवाणखान्यात लागत असताना घरची बाई कशी दिसत होती याची खूणही मागे उरत नसे. त्या भिंतीआड तिला पहिल्यांदा खुर्ची मिळाली.

१८९६ मध्ये त्यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. हे शहर या कलेला नवखे नव्हते. १८५४ मध्येच इथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते आणि नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या छायाचित्रणाच्या वर्गात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनीही मुंबईत स्टुडिओ चालवला होता. बोर्न अँड शेफर्डसारख्या बड्या गोऱ्या कंपन्याही होत्या. अशा जाणकार आणि चढाओढीच्या बाजारात दीनदयाळ उतरले, आणि त्याच वर्षी मुंबईत प्लेग आला. माणसे शहर सोडून पळत होती त्या दिवसांत हौसेने फोटो काढून घ्यायला कोण येणार, असे आपल्याला वाटते. पण उद्याचा भरवसा नसतानाच माणसाला आपली तसबीर मागे असावीशी वाटते, हेही तितकेच खरे.

त्यांचे सगळेच काम मला भावते असे नाही. १९०२ मध्ये लॉर्ड आणि लेडी कर्झन मारलेल्या वाघामागे उभे आहेत, ते चित्र पाहताना मला वाघाचीच कीव येते. पण याच स्टुडिओने निजामाच्या राज्यातल्या दुष्काळी मदतीचीही छायाचित्रे घेतली, तेव्हाच्या औरंगाबादेतलीसुद्धा. ती सरकारची वाहवा करण्यासाठी होती हे उघड आहे. तरी मराठवाड्यातली ती माणसे निदान दिसतात.

१९०४ मध्ये मुलगा धरमचंद गेला. हाताशी आलेला मुलगा. वर्षभराने, ५ जुलै १९०५ रोजी, दीनदयाळही गेले. दुसरा मुलगा ज्ञानचंद होता. पण पेढीचे वैभव पुढे ओसरत गेले. उरल्या त्या काचा. २००६ मध्ये टपाल खात्याने दीनदयाळांचे तिकीट काढले.

२०१० मध्ये त्या काचांवरून केलेल्या चित्रांचे दिल्लीत प्रदर्शन भरले, तेव्हा मी मुद्दाम गेलो. निजाम, सरदार, गोरे साहेब यांच्यासमोर गर्दी होती. मी एका मुलाच्या फोटोपाशी थांबलो. जरीची टोपी, पाय जमिनीला न टेकणारे, हलू नकोस असे दटावल्यामुळे ताठ झालेली मान. वय सहा-सात असेल. हा स्टुडिओ आपल्या निगेटिव्हवर क्रमांक घालत असे. का कोण जाणे, मी वाकून चित्राच्या कोपऱ्यात तो आकडा शोधू लागलो.