गांधारी, द्रौपदी आणि आपल्या इरावतीबाई

मैत्रिणींनो, संध्याकाळी टीव्हीवर लागणारी कुठलीही मालिका घ्या. मुकाट्याने सोसणारी सून, मुलाच्या मायेपायी आंधळी झालेली आई, घरासाठी स्वतःचं लग्न बाजूला ठेवणारा थोरला भाऊ, चारचौघांत अपमान झालेली आणि तो कधीच न विसरणारी बाई... नावं बदलतात, साड्या बदलतात, वाडा जाऊन फ्लॅट येतो. माणसं मात्र ओळखीचीच! मालिका मधूनच लावली तरी कोण कशी वागणार, हे आपल्याला पाच मिनिटांत कळतं. कसं बरं कळतं?

साहित्याच्या अभ्यासात याला ‘आदिबंध’ म्हणतात. कार्ल युंग (1875-1961) या स्विस मानसशास्त्रज्ञामुळे ही कल्पना जगभर गेली आणि पुढे समीक्षकांनी ती उचलली. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या स्वयंपाकघरातली. मोदकाचा साचा असतो ना? सारण दरवेळी वेगळं, आकार तोच. तसे माणसाच्या मनात गोष्टींचे फार जुने साचे असतात. आई, वीर, शहाणा म्हातारा, टाकलेलं मूल, सूड घेणारी स्त्री. जगभरच्या कथा त्यातून पुन्हा पुन्हा निघतात.

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी बरीच वर्षं मराठी शिकवलं. आता वाचनालयात शनिवारी दुपारी आम्हा बायकांचा गट जमतो, तिथे शिकवते. व्याख्या सांगून हा विषय कुणाच्याच पचनी पडत नाही. तो पोहोचतो एका पुस्तकामुळे आणि चार-पाच सिनेमांमुळे. पुस्तक आहे ‘युगान्त’. ते लिहिणाऱ्या इरावती कर्वे यांचं आयुष्यही तितकंच वाचण्यासारखं आहे, म्हणून आज त्यांच्याविषयी.

इरावतीबाईंचा जन्म 15 डिसेंबर 1905 चा, ब्रह्मदेशातल्या म्यिंजानचा. वडील गणेश हरी करमरकर तिथे नोकरीला होते. तिथल्या मोठ्या नदीचं नाव त्यांनी लेकीला दिलं. सातव्या वर्षी तिला शिक्षणासाठी पुण्याला हुजूरपागेत धाडलं. सात वर्षांची पोर, आईबाप समुद्रापलीकडे! पण शाळेत शकुंतला परांजपे ही मैत्रीण भेटली आणि रँग्लर परांजप्यांच्या घराने इरावतीला आपलंसं केलं. त्या घरात तिला पुस्तकांची गोडी लागली ती कायमची.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन त्या 1926 साली पदवीधर झाल्या. मग मुंबईत डॉ. घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली समाजशास्त्रात एम.ए. केलं. लग्न झालं दिनकर कर्वे यांच्याशी, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या मुलाशी. सासरे कोण, तर विधवांसाठी आश्रम काढणारे, बायकांचं विद्यापीठ उभं करणारे. पण गंमत बघा, सुनेने एवढ्या लांब जर्मनीला जाऊन शिकावं, हे त्यांनाही पसंत नव्हतं. नवऱ्याने मात्र पाठिंबा दिला, कर्ज काढलं आणि 1928 साली इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

तिथला किस्सा मी माझ्या वर्गात आवर्जून सांगते. त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्व मानणारे शास्त्रज्ञ. पुढे नाझींनी त्यांच्या विचारांचा आधार घेतला. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूत जो थोडा फरक असतो, तो युरोपीय माणसांत अधिक असणार, असं त्यांचं अनुमान होतं. इरावतीबाईंना विषय दिला तो हाच. परका देश, कर्जाचे पैसे, पदवी गुरूच्या हातात. कुणीही गुरूला हवं तेच लिहून मोकळी झाली असती! इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशावरून असा काही फरक दिसत नाही, हे प्रबंधात स्पष्ट लिहिलं. वय होतं जेमतेम पंचवीस.

माझ्या मते ‘युगान्त’चं बीज इथेच आहे. कुणी कितीही मोठ्या माणसाने एक साचा पुढे केला, तरी समोरचं हाड आधी स्वतः मोजून पाहायचं!

परत आल्यावर काही वर्षं त्यांनी महिला विद्यापीठात रजिस्ट्रारचं काम केलं. 1939 पासून त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आल्या आणि तिथेच मानववंशशास्त्र व समाजशास्त्र शिकवत राहिल्या. त्यांचं खरं काम मात्र रस्त्यावरचं. मोजमापाची अवजारं घेऊन त्या देशभर हिंडल्या. गावोगावच्या लोकांना नात्यांचे शब्द विचारले, बायकांची गाणी आणि म्हणी टिपून घेतल्या. त्यातून 1953 साली भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी घरी देतात. दक्षिणेत नात्यातच देतात. आणि आपला महाराष्ट्र या दोन्हींच्या मधे. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, आत्याची सहसा करत नाहीत, हे आपण लहानपणापासून ऐकतो. इरावतीबाईंनी ते नकाशावर मांडलं. पुढे कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पाहणीही त्यांनी केली.

घरात त्या इरू आणि नवरा दिनू. त्या काळात नवऱ्याला नावाने हाक! कुंकू नाही, मंगळसूत्र नाही, आणि पुण्याच्या रस्त्यावरून स्कूटर चालवणाऱ्या त्या पहिल्या बाई. वाटेल की या सगळे साचे मोडूनच बसल्या होत्या. तसंही नाही. ‘परिपूर्ती’ हा त्यांचा लेख वाचा. सभेत त्यांची ओळख करून देताना कुणाची मुलगी, कुणाची सून, कुणाची पत्नी असं सगळं सांगतात आणि काहीतरी राहिलंय, असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यात शाळकरी पोरं आपापसांत सांगतात की आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई चाललीये, आणि बाईंना एकदम भरून पावतं. एवढी विदुषी, पण आईपणाचा साचा तिलाही हवासा वाटला आणि तो तिने हसत कबूल केला. मला त्या इथे फार जवळच्या वाटतात.

आता ‘युगान्त’. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची शेकडो हस्तलिखितं ताडून, नंतर घुसडलेला भाग बाजूला काढून चिकित्सक आवृत्ती तयार होत होती. 1919 साली सुरू झालेलं हे काम 1966 साली पूर्ण झालं. इरावतीबाईंनी तिचाच आधार घेतला. 1967 साली ‘युगान्त’ आलं, 1968 चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला, आणि इंग्रजी रूपही त्यांनी स्वतःच केलं.

या पुस्तकात देव नाहीत, माणसं आहेत. आपण गांधारीला थोर पतिव्रता म्हणून ओळखतो. इरावतीबाईंना दिसते लांबच्या देशातून आणलेली, आंधळ्या नवऱ्याशी बांधली गेलेली एक संतापलेली मुलगी. नात्यांचा अभ्यास केलेल्या बाईला हे दिसणारच. ती पट्टी त्यागाची की रागाची? शेवटी वनात म्हातारा धृतराष्ट्र आणि गांधारी मोकळेपणाने बोलतात आणि ती पट्टी सुटते, असा प्रसंग त्यांनी स्वतःच्या कल्पनेने रंगवला आहे. कुंतीकडे पाहताना त्या हिशोब मांडतात की बापाने तिला दुसऱ्याला देऊन टाकलं, दुसऱ्याने ऋषीच्या सेवेला लावलं, नवऱ्याकडूनही सुख नाही. भीष्माची प्रतिज्ञा आपण डोक्यावर घेतो. त्या विचारतात की त्या प्रतिज्ञेची किंमत कुणी मोजली? अंबा, अंबिका, अंबालिका, गांधारी, कुंती, माद्री... यादी संपत नाही.

वर्गात मी आधी हे वाचते आणि मग सिनेमा लावते. गांधारी वाचून झाली की ‘मदर इंडिया’ (1957). डोळे मिटून मुलाला पाठीशी घालणारी आई एकीकडे, आणि गावच्या लेकीची अब्रू राखायला पोटच्या पोरावर गोळी झाडणारी राधा दुसरीकडे. त्यानंतर ‘दीवार’ (1975) मधली दोन मुलांच्या मधे उभी असलेली आई. तिघींचा साचा एकच, निवड वेगवेगळी. हे पडद्यावर पाहिलं की आदिबंध म्हणजे काय, ते वेगळं समजवावं लागत नाही. मग श्याम बेनेगलांचा ‘कलयुग’ (1981). कौरव-पांडव कारखानदार झाले, तरी कर्ण कर्णच राहिलाय हे बायका पटकन ओळखतात. आणि शेवटी ‘उंबरठा’ (1982). कामासाठी घराबाहेर पडलेली स्मिता पाटीलची सुलभा परत येते, तेव्हा तिचं घर तिचं राहिलेलं नसतं. वनवासाला निघालेल्या वीराची गोष्ट आपण हजारदा ऐकली. त्याच्या जागी बाई असली तर परतीची वाट कशी असते? त्या दिवशी आमच्या गटात चहा थंड झाला, कुणाला भान नव्हतं.

सगळ्यात जास्त वाद होतो तो द्रौपदीवरून. धर्मराज आधी स्वतःला हरला असेल, तर त्याला मला पणाला लावायचा हक्क कुठला, हा तिचा भर सभेतला प्रश्न आपल्याला केवढा अभिमानाचा वाटतो! इरावतीबाई मात्र म्हणतात की तो प्रश्न विचारण्यात द्रौपदी चुकली. अशा वेळी पंडितबाईसारखा कायद्याचा कीस काढण्यापेक्षा तिने क्षत्रियांच्या रीतीला आणि दयेला साद घालायला हवी होती, असं त्यांचं मत. बर्लिनच्या गुरूला न घाबरलेल्या बाईंनी हे लिहावं? कॉलेजातल्या मुली खवळायच्या. गटातल्या वयस्क बायका मात्र गप्प होतात. भाऊबंदांच्या बैठकीत मुद्द्याचं बोलल्यावर काय होतं, ते त्यांनी भोगलेलं असतं. मला स्वतःला इरावतीबाईंचं म्हणणं पटत नाही. तो प्रश्न विचारला गेला म्हणूनच ती सभा आजही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी आहे, असं मला वाटतं. पण बाईंनीच तर शिकवलं, की मोठ्यांचं म्हणणं स्वतः मोजून पाहायचं. मग त्यांचंही मोजायला नको?

याचा रोजच्या जगण्याशी काय संबंध, असं कुणी विचारलं तर मी हक्कसोडपत्राचं सांगते. वडील गेले की भाऊ कागद पुढे करतात आणि बहीण सही करून टाकते. महाराष्ट्रात 1994 साली आणि देशभर 2005 साली वडिलोपार्जित मालमत्तेत लेकींना मुलांच्या बरोबरीचा हक्क मिळाला. तरी सही होतेच, कारण चांगली बहीण मागत नाही, हा साचा कायद्यापेक्षा जुना आहे! गांधारीची चर्चा झाली त्या महिन्यात आमच्यातल्या एकीपुढे असाच कागद आला होता. तिने तो घरी नेऊन आधी नीट वाचला, वकिलाला दाखवला. शेवटी तिने थोडी जमीन ठेवली, बाकीची आपण होऊन भावाला दिली. माहेर तुटलं नाही. तिने सही केली ती डोळे उघडे ठेवून, एवढाच काय तो फरक. पण केवढा!

11 ऑगस्ट 1970 रोजी इरावतीबाई गेल्या. पासष्टीही गाठली नाही त्यांनी. त्यांचं पुस्तक मात्र आजही छापलं जातं, आणि तुमच्या गावच्या वाचनालयातही बहुधा मिळेल. सगळं एकदम वाचायची घाई नको. आधी ‘गांधारी’ वाचा, मग एखादा जुना सिनेमा पाहा आणि शेजारणीला बोलवा. दोघींनी मिळून प्रत्येक बाईबद्दल तीनच गोष्टी विचारा. हे तिच्यासाठी कुणी ठरवलं? त्यातलं तिने स्वतः काय निवडलं? आणि त्याची किंमत कुणी मोजली? मालिकेतल्या सुनेपासून सुरुवात केलीत तरी चालेल. हळूहळू गाडी आपल्या घरापर्यंत येतेच.