टाकळीचे शंख आणि रेव्ह. हिस्लॉप

हिस्लॉप कॉलेज नागपुरात कोणाला ठाऊक नाही? पण ते ज्यांच्या नावाने ओळखले जाते, ते रेव्ह. स्टीफन हिस्लॉप दगड गोळा करत हिंडायचे, हे आम्हालाही उशिराच कळले.

1817 साली स्कॉटलंडमध्ये जन्मलेले हिस्लॉप 1845 मध्ये नागपूरला आले. ते कॅथलिक नव्हेत, फ्री चर्चचे मिशनरी. त्यांनी येथे शाळा चालवली. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्याबरोबर टाकळीला त्यांना लाव्ह्याच्या थरांमधल्या मातीत गोड्या पाण्यातले शंख सापडले. पुढे फळे, बिया, कीटकांचे पंखही. लाव्हा थांबला की इथे तळी साचत आणि त्यांत जीव राहत, हे या चिमुकल्या अवशेषांवरून उमगले. दोघांचा लेख 1855 साली लंडनला छापून आला.

असे अवशेष आज स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहतात. त्यात पातळ काप करावा लागत नाही; अख्खा खडा ठेवायचा. दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळ्या कोनातून दिसते, म्हणून उंचसखलपणा कळतो आणि बघता बघता सुईने माती काढता येते. ग्रीनो यांच्या कल्पनेवरून जर्मनीच्या झाइस कारखान्याने तो 1890 च्या दशकात बनवला. टाकळीच्या थरांत पुढे माशांचे अवशेष, डायनासोरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडेही मिळाले.

हे पाहायला हिस्लॉप नव्हते. 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळे पाहून, बोरीची शाळा तपासून रात्री परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले. छावणीत घोडा एकटाच परतला. त्यांचे वय 45 होते.