ग्रंथांचा शेजार जपणारा पंडित

विद्यापीठांत विषयांच्या भिंती अभ्यासाच्या सोयीसाठी घातल्या जातात. पुढे त्याच ज्ञानाला कोंडून ठेवतात. या भिंती ओलांडण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्या आबी वारबुर्ग या जर्मन पंडिताचे स्मरण म्हणूनच उद्बोधक ठरावे.

हॅम्बुर्गच्या एका धनाढ्य ज्यू पेढीवाल्याच्या घरी १८६६ साली तो जन्मला. पेढीवरील वडीलकीचा हक्क त्याने तेराव्या वर्षीच धाकट्या भावाला देऊ केला, अशी कथा घराण्यात सांगत. अट एकच होती : मागेल ते पुस्तक भावाने घेऊन द्यावे. भावाने ती पाळली, आणि त्यातून एक अपूर्व ग्रंथालय उभे राहिले.

वारबुर्गचा विषय इटलीतील प्रबोधनकाल. बोत्तिचेल्लीच्या चित्रांतील उडते केस आणि वस्त्रे यांचे मूळ त्याने प्राचीन काव्यात शोधले. फ्लॉरेन्समधील चित्रांचा अर्थ लावण्यासाठी सावकारांची मृत्युपत्रे वाचली. फेरारा येथील पंधराव्या शतकातील भित्तिचित्रांत मेष राशीखाली एक गूढ कृष्णवर्ण पुरुष आहे. त्याचा माग काढीत तो अरबीत लिहिणारा ज्योतिषी अबू माशर याच्यामार्फत थेट आपल्या वराहमिहिराच्या द्रेष्काणवर्णनापर्यंत पोहोचला. १९१२ साली रोम येथे त्याने हे मांडले, तेव्हा कलेचा इतिहास ज्योतिषावाचून अपुरा राहतो, हे उघड झाले.

त्याच्या ग्रंथालयाची रचनाही याच दृष्टीची होती. काव्य, धर्म, वैद्यक, ज्योतिष यांचे ग्रंथ एकाच प्रश्नाभोवती शेजारी शेजारी बसत. वाचक एका पुस्तकासाठी येई आणि खरे उत्तर त्याला शेजारच्या पुस्तकात सापडे.

१९१८ साली वारबुर्गला मनोविकाराने ग्रासले. १९२४ पर्यंत तो रुग्णालयांत होता. त्या काळात त्याचा सहकारी फ्रिट्झ साक्सल याने ग्रंथालय चालविले आणि हॅम्बुर्गच्या नव्या विद्यापीठातील विद्वानांना तेथे आणले. तत्त्वज्ञ कासिरेर आणि कलेतिहासकार पानोफस्की यांचा तेथे राबता होता. १९२९ साली वारबुर्ग निवर्तला. १९३३ साली नाझी सत्तेवर येताच सुमारे साठ हजार ग्रंथ बोटीने लंडनला हलविण्यात आले, आणि १९४४ साली ती संस्था लंडन विद्यापीठाकडे सोपविली गेली.

पुढे खर्चाच्या प्रश्नावरून वाद उद्भवला. २०१४ साली तो न्यायालयात गेला आणि १९४४च्या विश्वस्त-करारानुसार हा संग्रह स्वतंत्रपणे राखण्याची जबाबदारी विद्यापीठाचीच आहे, असा निर्वाळा मिळाला.

या निर्णयाचे महत्त्व एका संस्थेपुरते नाही. हे ग्रंथ निरनिराळ्या विभागांत वाटून टाकले असते, तर एकही ग्रंथ गहाळ झाला नसता. आणि तरीही ग्रंथालय नष्ट झाले असते. हिशेबतपासनिसाच्या वहीत असले नुकसान कधीच दिसत नाही. ते ओळखण्याची जबाबदारी अखेर शिकणाऱ्यांवर आणि शिकविणाऱ्यांवरच येऊन पडते.