पंचवीस वर्षांचा विल्फ्रेड

इंग्लिश लिटरेचर घेतलं असेल तर विल्फ्रेड ओवेन तुम्हाला नोट्समध्ये भेटलाच असेल. परीक्षेपुरता. पण कधी फ्रान्सला गेलात, तर सोम नदीच्या खोऱ्यातलं सेर गाव बघा. आज तिथे साधी शेतं आहेत. नांगरताना अजूनही जुने तोफगोळे वर येतात आणि शेतकरी ते रस्त्याकडेला काढून ठेवतात.

जानेवारी १९१७ मध्ये याच भागात तेवीस वर्षांचा ओवेन, नवाकोरा अधिकारी, पाणी भरलेल्या एका भुयारात आपल्या माणसांसह जवळपास ५० तास अडकला होता. वरून गोळे पडत होते. पहाऱ्यावरच्या शिपायाची दृष्टी स्फोटाने गेली. आपल्या शाळेच्या पुस्तकात पहिल्या महायुद्धाची कारणं पाच मुद्द्यांत उरकतात, हा चिखल त्यात कुठेच नसतो.

पुढे वसंतात एका स्फोटाने तो फेकला गेला आणि कित्येक दिवस एका सहकाऱ्याच्या अवशेषांजवळ पडून राहिला. मग हात थरथरणं, भयंकर स्वप्नं. तेव्हा याला 'शेल शॉक' म्हणायचे, आणि अनेकांना तो चक्क भित्रेपणा वाटायचा. एडिनबराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात त्याला सीगफ्रीड ससून भेटला. वयाने मोठा, नावाजलेला कवी. त्याने ओवेनच्या कवितांचे कच्चे खर्डे तपासले आणि ओवेनला त्याचा सूर सापडला.

तो इंग्लंडमध्ये थांबू शकला असता. १९१८ मध्ये परत गेला. मला हे अजून नीट पचत नाही. पण आपली माणसं तिथे आहेत आणि त्यांचं दुःख सांगणारं कुणीतरी हवं, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

४ नोव्हेंबरच्या पहाटे, ऑर्स गावाजवळ, कालव्यापलीकडून मशीनगन चालू असताना त्याची माणसं पूल टाकायला बघत होती. तिथेच तो गेला. सात दिवसांनी युद्ध संपलं. श्रुजबरीत विजयाच्या घंटा वाजत असताना त्याच्या घरी तार पोचली. तोवर छापून आल्या होत्या त्याच्या जेमतेम चार-पाच कविता.

ऑर्सच्या गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे. त्याच्या सामानात एक वही परत आली. तिच्यात त्याच्या अक्षरात रवींद्रनाथ टागोरांच्या ओळी होत्या, शेवटचा निरोप घेताना त्याने आईला म्हणून दाखवलेल्या. १९२० मध्ये त्या आईने टागोरांना पत्र लिहून विचारलं, ही पूर्ण कविता तुमच्या कुठल्या पुस्तकात मिळेल?