बॉटनी शिकून पुढे काय? जानकी अम्माळ यांचं करिअर हेच त्याचं उत्तर

बारावीनंतर बीएस्सीला बॉटनी घेतली की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, पुढे काय करणार, शिक्षकाची नोकरी?

शंभर वर्षांपूर्वी मद्रासमध्ये एका मुलीने हीच डिग्री घेतली. त्यानंतर साठ वर्षं ती काम करत राहिली. कॉलेजात शिकवलं, उसाच्या संशोधन केंद्रात काम केलं, इंग्लंडच्या बागेत संशोधन केलं, सरकारी खात्याची घडी बसवली आणि शेवटी एक जंगल वाचवायच्या लढ्यातही उतरली. तिचं नाव जानकी अम्माळ.

लग्नाऐवजी शिष्यवृत्ती

जानकी यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातल्या तेल्लीचेरी, म्हणजे आजच्या थलश्शेरीत झाला. वडील सबजज होते. त्यांना झाडांची आवड आणि घरात भावंडांचा मोठा गोतावळा.

तो काळ कसा होता? १९११ च्या जनगणनेनुसार देशातल्या शंभर बायकांपैकी जेमतेम एकीला लिहिता-वाचता येत होतं. जानकी मात्र मद्रासच्या क्वीन मेरीज कॉलेजमध्ये शिकल्या आणि १९२१ मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजमधून त्यांनी बॉटनीत ऑनर्स पूर्ण केलं. मग विमेन्स ख्रिश्चन कॉलेजमध्ये त्या शिकवायला लागल्या.

घरी लग्नाचं बघणं सुरू होतं. तेवढ्यात आशियातल्या मुलींसाठी असलेली अमेरिकेची बार्बर शिष्यवृत्ती मिळाली. जानकी यांनी मिशिगन विद्यापीठ निवडलं आणि पुढे लग्न केलंच नाही. १९३१ मध्ये तिथूनच त्यांनी डीएस्सी मिळवली.

हातात आलेलं कौशल्य

मिशिगनमध्ये त्या जे शिकल्या ते आयुष्यभर उपयोगी पडलं. त्या शास्त्राला सायटोजेनेटिक्स म्हणतात. मुळाच्या किंवा कळीच्या कोवळ्या पेशी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायच्या आणि त्यातले क्रोमोझोम मोजायचे.

ऐकायला किरकोळ वाटतं. पण या आकड्यावरून वनस्पतीचे नातेवाईक कोण, कुणाचा कुणाशी संकर जमू शकेल आणि तिचा उगम कुठला असावा, याचा अंदाज येतो.

भारतात परतल्यावर त्या त्रिवेंद्रमच्या महाराजा कॉलेज ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक झाल्या आणि १९३४ मध्ये कोइम्बतूरच्या ऊस पैदास केंद्रात गेल्या. जाड, गोड रसाचा ऊस मूळचा बाहेरून आलेला. इथल्या हवेत टिकायचं तर त्याला देशी रानटी भाऊबंदाची, म्हणजे कांस गवताची जोड लागते. या गवताचे कोणते प्रकार कुठे उगवतात आणि त्यांचे क्रोमोझोम किती, हे जानकी यांनी शोधलं. ऊस आणि मका यांचा संकरही त्यांनी करून दाखवला. १९३५ मध्ये त्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या फेलो झाल्या.

तरीही केंद्रातले दिवस सोपे नव्हते. एकटी बाई, त्यात मागास समजल्या जाणाऱ्या थिय्या समाजातली. पुरुष सहकाऱ्यांच्या वागण्याचा त्रास झालाच. अखेर त्यांनी इंग्लंडची वाट धरली.

बॉम्बवर्षावात क्रोमोझोमची मोजदाद

१९४० ते १९४५ या काळात त्या लंडनजवळच्या जॉन इनेस संस्थेत होत्या. बाहेर दुसरं महायुद्ध पेटलेलं. रात्री बॉम्ब पडायचे, सकाळी फडताळावरच्या काचा झाडून काम पुन्हा सुरू व्हायचं.

१९४५ मध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासोबत त्यांचा लागवडीखालच्या वनस्पतींचा क्रोमोझोम अ‍ॅटलस प्रसिद्ध झाला. कोणत्या पिकाचे क्रोमोझोम किती, ही माहिती आता एका जागी मिळू लागली.

मग रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने त्यांना विस्ली इथल्या बागेत पगारी शास्त्रज्ञ म्हणून घेतलं. तिथे त्यांनी मॅग्नोलियाच्या रोपांवर कोल्चिसीनचा प्रयोग केला. हे रसायन पेशीचं विभाजन मधेच अडवतं आणि क्रोमोझोम दुप्पट होतात. परिणामी पानं जाड येतात, फुलं मोठी होतात. मॅग्नोलियाची एक जात आजही जानकी अम्माळ या नावाने ओळखली जाते.

नेहरूंचं बोलावणं

१९५१ मध्ये पंतप्रधान नेहरूंनी त्यांना परत बोलावलं. काम होतं बोटॅनिकल सर्व्हे ऑफ इंडियाची फेररचना. १८९० मध्ये सुरू झालेलं हे खातं इंग्रजांच्या सोयीने चाललं होतं. भारतातल्या वनस्पतींचे कितीतरी नमुने लंडनजवळच्या क्यू बागेत पडून होते. देशातल्या वनस्पतींचा अभ्यास देशातच व्हावा, असा जानकी यांचा आग्रह होता. पुण्यातलं विभागीय केंद्र याच फेररचनेत १९५५ मध्ये सुरू झालं.

पण मुख्य वनस्पतिशास्त्रज्ञाचं पद १९५४ मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजमधले स्पॅनिश वंशाचे फादर सांतापाव यांना मिळालं. ते नावाजलेले अभ्यासक होते. तरी सूत्रं पुन्हा युरोपीय माणसाकडे गेली, याचं जानकी यांना वाईट वाटलं.

काम मात्र थांबलं नाही. अलाहाबादची सेंट्रल बोटॅनिकल लॅबोरेटरी आणि जम्मूची प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळा असा प्रवास झाला. धोतरा, पुदिना, गवती चहा यांच्या कुळातल्या वनस्पतींवर त्यांनी काम केलं. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही त्या काही काळ होत्या. १९७० मध्ये त्या मद्रास विद्यापीठात आल्या. १९७७ मध्ये पद्मश्री मिळाली.

ऐंशीव्या वर्षी जंगलासाठी

त्याच सुमारास केरळच्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधायचं घाटत होतं. सदाहरित जंगल पाण्याखाली जाणार होतं. विरोध करणाऱ्यांत जानकी होत्या. ऐंशी ओलांडल्यावरही खोऱ्यातल्या वनस्पतींच्या क्रोमोझोमची नोंद करायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. जंगलात नेमकं काय आहे याची नोंदच नसेल तर काय बुडालं, हेही कुणाला कळलं नसतं.

१९८३ मध्ये सरकारने धरणाचा प्रकल्प सोडून दिला. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी जानकी यांचं निधन झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाली.

साठ वर्षांत त्यांच्या संस्था, शहरं आणि देश बदलले. कुठे मान मिळाला, कुठे डावललं गेलं. पण विद्यापीठात हातात आलेलं एक कौशल्य उसाला लागू पडलं, फुलांना, औषधी वनस्पतींना आणि शेवटी जंगलालाही. बॉटनी शिकून काय करणार, असं कुणी विचारलं तर ही यादी सांगता येईल.