डॉ. कोटणीस आणि चिनी भाषा

आपल्या मराठवाड्याला लागूनच असलेल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस बहुतेकांना ठाऊक आहेत ते व्ही. शांताराम यांच्या १९४६ च्या चित्रपटामुळे. भाषेच्या विद्यार्थ्याने मात्र त्यांच्याकडे जरा निराळ्या नजरेने पाहावे.

१९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, तेव्हा त्यांना चिनी येत नव्हती. या भाषेत एकच 'मा' चार सुरांत उच्चारला की आई, ताग, घोडा आणि रागावणे असे चार अर्थ होतात! जखमी सैनिकाला कुठे दुखते, हे दुभाष्यामार्फत किती दिवस विचारणार? कोटणीस बोलायला शिकले, लिहायलाही शिकले. आपण परकी भाषा गुणांसाठी घेतो. त्यांना ती रोग्याच्या खाटेशी लागत होती. १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते चिनीतूनच शिकवीत. त्याच वर्षी परिचर्या शिकविणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले इनहुआ. 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन.

शस्त्रक्रियेवरचे चिनी पाठ्यपुस्तक लिहीत असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय अवघे ३२. मूल तेव्हा काही महिन्यांचे होते.